अंतरपाट दूर होण्याआधी: लग्ने, व्यक्तिचित्रे आणि ठाण्यातील सभागृहे

स्वतंत्रपणे घेतलेल्या पहिल्या लग्नाच्या वेळी माझ्याकडे चांगला कॅमेरा होता, दोन चांगल्या लेन्स होत्या आणि एका ज्येष्ठ छायाचित्रकाराच्या हाताखाली वर्षभर लाइट धरण्याचा अनुभवही होता. नौपाड्यातील एका मंगल कार्यालयात सकाळचा मुहूर्त होता. सगळे सभागृह एकाच वेळी हात वर करून अक्षता टाकते ते दृश्य मला लहानपणापासून प्रिय आहे, त्यामुळे मंगलाष्टके सुरू होताच मी व्यासपीठावर चढून गर्दीकडे तोंड करून उभी राहिले आणि एकामागून एक फोटो काढत गेले. ताशे वाजले म्हणून मी वळले, तोवर अंतरपाट दूर झाला होता आणि पहिला हारही गळ्यात पडला होता. पुढे अल्बमची निवड करताना नवरीचे वडील एका पानाशी थांबले आणि त्यांनी इतकेच विचारले, "ताई, हिने हार घातला तो क्षण नाही का यात?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे उत्तर देणे मला अधिकच जड गेले.

या क्षेत्रात नव्याने येणारी मुले-मुली मला बहुतेक वेळा कोणता कॅमेरा घ्यावा हे विचारतात, आणि मी त्यांना आधी पुढचे सांगते. लग्नाचा विधी छायाचित्रकारासाठी थांबत नाही, परंतु तो आपल्या येण्याची चाहूल देतो. मंगलाष्टके किती म्हटली जातील याचा नेम नसतो. आत्या, मावश्या, मित्र असे कोणीही माइक हाती घेतात आणि काही घरांत हा कार्यक्रम वीस मिनिटे चालतो. मात्र शेवटी गुरुजी "तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव" हा श्लोक म्हणू लागले की अंतरपाट दूर होण्यास एक मिनिटही उरलेले नसते. हा श्लोक कानावर पडताच हातातील सगळे सोडून आपल्या जागेवर उभे राहावे. ती जागाही आधीच ठरलेली असली पाहिजे. परंपरेने अंतरपाट उत्तरेकडे काढून घेतात, परंतु व्यासपीठाची मांडणी पाहून तो प्रत्यक्षात कोण आणि कोणत्या बाजूला ओढणार आहे हे गुरुजींना सकाळीच नम्रपणे विचारून घ्यावे आणि त्याच्या विरुद्ध बाजूला, वधूवरांच्या मधोमध, काटकोनात उभे राहावे. गुरुजींशी झालेल्या या दोन मिनिटांच्या बोलण्याचा आणखी एक लाभ असा की, सप्तपदीच्या वेळी किंवा लाजाहोमात नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो तेव्हा ते आपल्याला दिसेल इतपत स्वतःहून बाजूला सरकतात.

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात एकाच आठवड्यात तीन प्रकारची लग्ने वाट्याला येऊ शकतात आणि प्रत्येकाचा क्रम वेगळा असतो. ब्राह्मण किंवा सीकेपी घरांत सीमांतपूजन, गौरीहर, कानपिळी, झाल आणि सूनमुख यांपैकी काय होणार आणि काय वगळले जाणार हे घरागणिक बदलते, म्हणून मी घरातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीशी आदल्या आठवड्यात फोनवर बोलते; नवरा-नवरीला स्वतःला हे बहुधा ठाऊक नसते. काही घरांत आई मंगलाष्टके पाहत नाही, ती आत तुळशीपाशी बसून राहते. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी सहकाऱ्याला व्यासपीठाजवळ ठेवून काही क्षण आत गेले. बाहेरचा माइकचा आवाज ऐकत, तुळशीकडे पाहत बसलेल्या त्या आईचा फोटो त्या कुटुंबाने पुढे अल्बमच्या पहिल्या पानावर घेतला. स्त्री छायाचित्रकाराला गौरीहरापाशी, नवरीच्या खोलीत, चुडा भरताना सहज वावरता येते. नव्याने येणाऱ्या मुलींनी ही संधी मोलाची मानावी आणि त्या खोलीत कॅमेरा कधी खाली ठेवायचा हेही तितक्याच काळजीने शिकून घ्यावे.

घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे यांसारख्या गावठाणांतील आगरी-कोळी लग्नांत हळदीची रात्र हाच मोठा सोहळा असतो. दारापुढे मांडव, बँजो, शेकडो पाहुणे, आणि या सगळ्याच्या आत, घरात बसून धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाणारी धवलारीण. नवखा छायाचित्रकार नाचाच्या गर्दीत रमतो आणि धवलारणीचा फोटो राहून जातो. माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत मौल्यवान फोटो तोच आहे, कारण धवले पाठ असणाऱ्या स्त्रिया आता कमी होत चालल्या आहेत. तांत्रिक बाजूने ही रात्र कठीण असते. मांडवाचे कापड पिवळे, साड्या पिवळ्या, अंगावर हळद आणि वरून पिवळसर दिवे, अशा वेळी कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार फोटोतील रंग जुळवणारी सोय) पिवळा रंग हा दोष समजून तो पुसू पाहतो आणि चेहरे निळसर, फिकट पडतात. करड्या रंगाचे कार्ड त्या प्रकाशात धरून व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवावा आणि फोटो रॉ स्वरूपातच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, काढावेत. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकचे आवरण घालणेही आवश्यक आहे, कारण हळदीचे पाणी लेन्सच्या रिंगमध्ये शिरले तर ती कचकच करू लागते आणि दुरुस्तीचा खर्च त्या रात्रीच्या मेहनतान्याएवढा होऊ शकतो.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात याच्या नेमके उलट घडते. वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात, बुद्ध आणि डॉ. आंबेडकर यांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लागतात, त्रिशरण-पंचशील होते आणि विधी थोडक्या वेळात आटोपतो. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे असे धरून चालते, त्यामुळे पांढरी साडी मळकट दिसते आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), मात्र साडीचे काठ आणि वीण पुसली जात नाही ना, हे हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतील उजेड-अंधाराच्या आलेखावर, पाहत राहावे.

सभागृहातील प्रकाशाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझी पहिली दोन वर्षे याच्याशी झगडण्यात गेली. छत पांढरे आणि फार उंच नसेल तर फ्लॅश छताकडे वळवून मिळणारा प्रकाश मऊ असतो, परंतु आता अनेक हॉलमध्ये छत काळे, लाकडी किंवा रंगीत असते, आणि अशा छतावरून परतणारा प्रकाश एक तर पोहोचत नाही किंवा छताचा रंग चेहऱ्यावर घेऊन येतो. तेथे छोट्या सॉफ्टबॉक्समधील (प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीतील) फ्लॅश स्टँडवर लावून ट्रिगरने, म्हणजे कॅमेऱ्यावरून दुरूनच, चालवावा. दुसरी अडचण दिव्यांच्या लुकलुकण्याची. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, परंतु शटर वेगवान ठेवले की फोटोत आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणले की हे पट्टे बहुतेक वेळा नाहीसे होतात, आणि अक्षता हवेत गोठवण्यासाठी १/५०० हवे असेल तर ते कोणत्या दिव्याखाली शक्य आहे हे आधी तपासलेले असावे लागते. म्हणूनच कोणत्याही हॉलमध्ये मी लग्नापूर्वी एकदा, शक्यतो मुहूर्ताच्याच वेळी, जाऊन येते. व्यवस्थापकाला सगळे दिवे लावायला सांगते, व्यासपीठावर कोणाला तरी उभे करून चार फोटो काढते, खिडक्या कोणत्या दिशेला आहेत आणि पाठवणीच्या वेळी गाडी कोणत्या दारापाशी लागते, याची नोंद वहीत करते. माझ्या या वहीत आज ठाण्यातील आणि वाशी-नेरुळ भागातील चाळीसहून अधिक हॉल आहेत.

व्यक्तिचित्रांकडे मी लग्नांतूनच वळले, आणि सुरुवातीला आली ती स्थळासाठी काढायच्या फोटोंची कामे. या कामात एक मागणी वारंवार येते: "जरा रंग उजळ करा." मी ती स्वीकारत नाही. चेहऱ्यावर चांगला प्रकाश टाकणे हे माझे काम आहे, परंतु मुलीचा वर्ण बदलून देणे हा तिचाही अपमान आहे आणि फोटो पाहून येणाऱ्यांची फसवणूकही आहे. एकदोन कामे यामुळे गेली, आणि ती गेल्याचे मला वाईट वाटत नाही. नव्या छायाचित्रकारांनी या बाबतीतली आपली भूमिका पहिल्या दिवशीच ठरवावी, कारण एकदा होकार दिला की तोच पायंडा पडतो.

व्यक्तिचित्रासाठी स्टुडिओ अनिवार्य नाही. दोन खोल्यांच्या घरात एका बाजूने खिडकीचा प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट एवढ्यावर मी अनेक आजी-आजोबांचे फोटो काढले आहेत. येथे एकच नियम अंगवळणी पडला पाहिजे: प्रकाशाचा स्रोत लहान असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर प्रकाश एक चतुर्थांश उरतो. खिडकी मोठी असल्याने हा हिशेब तिच्यापाशी तंतोतंत लागत नाही, तरीही आजोबांची खुर्ची एक हात पुढे-मागे सरकवल्याने सावल्यांत पडणारा फरक प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. बाहेर काढायचे असेल तर उपवन तलावाचा काठ सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात उत्तम. तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, पण पावसाळी ढगाळ दुपारी तेथे मिळणारा मऊ प्रकाश कोणत्याही सॉफ्टबॉक्सच्या तोडीचा आहे. येऊरला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा परिसर आहे आणि जंगलाच्या हद्दीत व्यावसायिक चित्रणासाठी वन विभागाची परवानगी लागते. ड्रोनचीही हीच गोष्ट आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीविना ड्रोन उडवता येत नाही, आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे, पनवेल, बेलापूर भागातील लग्नांना हा नियम थेट लागू होतो. यजमानांचा आग्रह असला तरी नकाशा पाहिल्याशिवाय शब्द देऊ नये.

रंगमंचाचे काम मला उशिरा मिळाले. १९७८ साली उभ्या राहिलेल्या गडकरी रंगायतनात एका हौशी संस्थेच्या प्रयोगाला मी पहिल्यांदा गेले तेव्हा फ्लॅश वापरायचा नाही एवढेच मला माहीत होते. शटरच्या आवाजाने तिसऱ्या रांगेतील प्रेक्षक मागे वळून पाहू लागले आणि मी मध्यंतरापर्यंत एकही फोटो पुढे काढला नाही. त्यानंतर मी प्रयोगाऐवजी रंगीत तालमीला जाऊ लागले. तेथे वेशभूषा, नेपथ्य आणि प्रकाशयोजना प्रयोगासारखीच असते, पुढे-मागे फिरता येते, आणि प्रकाशयोजनाकाराशी बोलता येते. कोणत्या प्रवेशात एकच झोत राहणार आहे हे कळले की स्पॉट मीटरिंग (दृश्याच्या एका लहानशा भागाचाच प्रकाश मोजणे) चेहऱ्यावर ठेवून पार्श्वभूमी निर्धास्तपणे काळी होऊ देता येते. कॅमेऱ्याचे मूक शटर सोयीचे वाटते, परंतु एलईडी झोतांखाली त्यातही पट्टे येतात, तेव्हा तेही तालमीतच तपासावे. ज्यांना अद्याप काम मिळालेले नाही त्यांनी गुढीपाडव्याला कोपिनेश्वर मंदिराच्या परिसरातून निघणाऱ्या स्वागतयात्रेत पहाटेपासून उभे राहावे. हलती माणसे, भडक रंग, कोवळे ऊन आणि गर्दी हे सगळे तेथे एकत्र मिळते, आणि चूक झाली तरी कोणाचे नुकसान होत नाही.

व्यवहाराविषयी मी कमी बोलते, पण एक प्रसंग सांगणे भाग आहे. सुरुवातीच्या काळात एका स्टुडिओसाठी मी सलग चार लग्ने केली. सगळे बोलणे तोंडी होते आणि निम्मे पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. तेव्हापासून काम छोटे असले तरी एक पानाचा लेखी करार केल्याशिवाय मी तारीख अडकवून ठेवत नाही. तारीख ठरताना एक हप्ता, लग्नाच्या दिवशी दुसरा आणि अल्बम छापायला जाण्यापूर्वी तिसरा, अशी विभागणी मला सोयीची वाटते. करारात फोटोंच्या हक्कांचा उल्लेख अवश्य करावा, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, काम देणारा असतो. आपल्या कामाचे नमुने इतरांना दाखवायचे असतील तर ती परवानगी आधीच लिहून घेतलेली बरी. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

फोटो जपण्याबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नये. एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारा कॅमेरा, घरी परतल्यावर जेवणाआधी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत, तिसरी प्रत घराबाहेर, आणि अल्बम यजमानांच्या हाती पडेपर्यंत कार्डे न पुसणे हा माझा नेम आहे. आपल्याकडील पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, त्यामुळे हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखावी. वातानुकूलित गाडीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढला तर लेन्सवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, म्हणजेच तेवढे आधी पोहोचावे.

चातुर्मासात मुहूर्त नसतात. त्या महिन्यांत मी व्यक्तिचित्रे आणि तालमींची कामे घेते, राहिलेले अल्बम पूर्ण करते आणि नव्या सहायकांना लाइट धरायला शिकवते. कार्तिकात तुळशीची लग्ने लागली की हंगाम सुरू होतो. यंदाचे माझे पहिले लग्न ऐरोलीतील एका नव्या हॉलमध्ये आहे. तो माझ्या वहीत नाही, म्हणून येत्या रविवारी सकाळी साडेदहाला, मुहूर्ताच्याच वेळी, दोन्ही सहायकांना घेऊन तेथे जायचे ठरले आहे.