अचानक बदललेला फोन हाताळताना

ऑगस्ट २०२५मध्ये कितीतरी अँड्रॉइड फोनवर कॉल घ्यायची स्क्रीन अचानक वेगळी दिसू लागली. सिस्टिम अपडेट झालेलं नव्हतं, बदललं होतं ते फक्त गूगलचं 'फोन' अ‍ॅप. 'फेव्हरिट्स' आणि 'रीसेंट्स' एकत्र होऊन 'होम'मध्ये गेले, आणि वर सरकवून उचलायचा कॉल आडवा सरकवून उचलावा लागू लागला. असं काही दिसलं की फोन हॅक झाला की काय, ही शंका येतेच. घाबरून फोन रीसेट करू नका. आधी बदल कुठे झालाय ते शोधा, कारण उपाय त्यावरच ठरतो.

सिस्टिम बदलली असेल तर फोन मध्ये कधीतरी रीस्टार्ट झालेला असतो आणि सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'खाली नवं व्हर्जन दिसतं. एखादं अ‍ॅप बदललं असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर दाबून 'मॅनेज अ‍ॅप्स अँड डिव्हाइस'मध्ये जा, 'मॅनेज' निवडा आणि यादी 'रीसेंटली अपडेटेड' या क्रमाने लावा. नुकतं बदललेलं अ‍ॅप वरच सापडेल. या दोन्हींत काही नसेल तर बदल कंपनीच्या सर्व्हरवरून आलेला असतो. असे बदल टप्प्याटप्प्याने सोडले जातात, म्हणून तेच अ‍ॅप घरातल्या दुसऱ्या फोनवर जुनंच दिसतं. इथे अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. उलट बॅकअप नसेल तर जुने चॅट गमावून बसाल.

जुनी सवय पुष्कळदा सेटिंगमध्ये शिल्लक असते. वरच्याच उदाहरणात 'फोन' अ‍ॅपच्या तीन रेघांवर दाबून सेटिंग्जमध्ये 'इनकमिंग कॉल जेस्चर' उघडलं की सरकवण्याऐवजी एका टॅपने कॉल घ्यायची सोय मिळते. खालची तीन बटणं गायब झाली असतील तर सेटिंग्ज, सिस्टिम, जेस्चर्स, 'नॅव्हिगेशन मोड' असं जा; काही फोनवर हेच 'डिस्प्ले'मध्ये 'नॅव्हिगेशन बार' म्हणून असतं. विंडोज ११मध्ये मधोमध आलेलं स्टार्ट बटण पर्सनलायझेशन, टास्कबार, 'टास्कबार बिहेवियर्स' इथून डावीकडे नेता येतं. नाव आठवत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत शब्द टाका, मेनू धुंडाळण्यापेक्षा ते लवकर होतं.

फोनसोबत आलेल्या अ‍ॅपच्या 'अ‍ॅप इन्फो'मध्ये तीन ठिपक्यांखाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असतं. त्याने जुनं रूप परत येतं, पण मधल्या काळातल्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही निघून जातात. म्हणून हा उपाय चार-आठ दिवसांपुरताच ठेवावा. सिस्टिमचं मात्र तसं नाही. अँड्रॉइड मागे न्यायचं तर बहुधा सगळा डेटा पुसावा लागतो. विंडोजमध्ये मोठ्या अपग्रेडनंतर साधारण १० दिवस 'रिकव्हरी'मध्ये 'गो बॅक' मिळतं.

बदल राहणारच असेल तर सगळं अ‍ॅप शिकायला बसू नका. रोजची पाच कामं कागदावर लिहा: कॉल घेणं, कॉल नाकारणं, संपर्क शोधणं, फोटो पाठवणं, टॉर्च लावणं. घरातल्या कुणाला तरी दहा वेळा कॉल करायला सांगा आणि दर वेळी नव्या पद्धतीने उचला. बोटांना जुनी दिशा पाठ झालेली असते, त्यामुळे डोक्याला कळूनही हात चुकतो. ती चूक घाईच्या कॉलवर होण्यापेक्षा सरावात झालेली बरी. घरच्या वडीलधाऱ्यांसोबत हा सराव करताना फोन त्यांच्याच हातात राहू द्या. आपण पटकन करून दिलं तर त्यांच्या बोटांना काहीच कळत नाही.

मोठ्या सिस्टिम अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो. अ‍ॅप्सची नव्याने जुळणी आणि फोटोंची पुन्हा नोंद मागे चालू असते. रात्री चार्जिंगला लावून दोन-तीन दिवस थांबा. तेवढ्यात अलार्म, नोटिफिकेशन आणि बँकेचं अ‍ॅप नीट चालतंय का, ते एकदा तपासा. प्रवासाच्या किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री अपडेट लावू नये.

आणि 'तुमचं अ‍ॅप जुनं झालंय' असं सांगून मेसेजमध्ये एपीके फाइल (अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवणारी फाइल) किंवा लिंक आली तर तिला हात लावू नका. अपडेट प्ले स्टोअरमधून किंवा फोनच्या सेटिंग्जमधूनच घ्या.