तीर्थन फुगली की ट्राउट कुठे शोधाल? या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये वरच्या डोंगरांवरचा बर्फ वितळू लागला की हिमाचलातली तीर्थन नदी फुगते. ट्राउट मासे धरायला काठावरच्या गुशैणी गावी फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे पिसा-धाग्याची नकली माशी, ती फेकायची लवचीक काठी) घेऊन पोचलेली मंडळी ते पाणी पाहून एकतर हिरमुसतात, नाहीतर थेट आत उतरतात.

आत उतरणं ही सगळ्यांत मोठी चूक. वाढलेल्या पाण्यात मधल्या धारेत टिकून राहायला माशाला फार जोर लावावा लागतो, म्हणून तो काठाकडे सरकतो. मोठ्या दगडाच्या आडोशाला, झाडाच्या मुळांपाशी, कधी जेमतेम गुडघाभर पाण्यात. आपण पाय टाकतो तो नेमका त्याच्या जागेवर. तेव्हा काठापासून चार पावलं मागे थांबा, आधी जवळचं संथ पाणी गरवा, मग पुढचं. लांब कास्टची, म्हणजे फ्लाय दूर फेकण्याची, इथे गरजच पडत नाही.

दुसरी अडचण वेळेची. दिवसभर वितळलेलं पाणी दुपारनंतर खाली पोचतं. पहाटे नदी उतरलेली असते, पण पाणी इतकं गार की मासा सुस्त. ऊन पडल्यापासून लोंढा येईपर्यंतचे तास माझ्या मते सर्वांत चांगले. ते न्याहारीत घालवू नका.

फ्लाय वरच्यावर वाहून जाते, ही तक्रार तर नेहमीची. निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी, बुडणारी फ्लाय) तळाला गेलीच नाही, तर सुस्त मासा तिच्यासाठी वर येणार नाही. टंगस्टन मण्याची जड निम्फ लावा, कमी पडलं तर टिपेटवर (फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक धागा) शिशाचा छोटा गोळा चढवा. इंडिकेटर (मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता गोळा) फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर ठेवा. मधूनमधून तळाला घासल्याचं जाणवलं तर वजन बरोबर आहे. दरवेळी अडकत असेल तर थोडं उतरवा, कधीच लागत नसेल तर वाढवा. फ्लाय बदलत बसण्याआधी वजन बदलून बघा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

पाणी गढूळ असेल तर काळा किंवा ऑलिव्ह वूली बगर (केसाळ, मोठी फ्लाय) काठालगत सावकाश ओढा. टिपेट थ्री-एक्स किंवा फोर-एक्स घ्या (आकडा लहान तितका धागा जाड). गढुळात माशाला तो दिसत नाही आणि बारीक टिपेट या ओढीत तुटतो. मासा लागला की रॉड आडवा धरून त्याला काठाकडे वळवा, स्वतः काठाने खाली चालत जा. धारेत शिरलेला मासा सहसा हातचा जातो.

तीर्थन पुढे लारजीला ब्यासला मिळते. तिथल्या धरणाखाली नदीपात्रात मुळीच उतरू नका. जून 2014 मध्ये धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 विद्यार्थी तिथे वाहून गेले. वर तीर्थनवरही दगड ओले होऊ लागले, पाण्यातून काटक्या-पाला येऊ लागला की लगेच बाहेर या.

परवाना मत्स्य विभागाकडून आधीच काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ म्हणून मासेमारी बंद असते. उथळ पाण्यातली बारीक खडी वसंतातही तुडवू नका, नुकती बाहेर पडलेली पिल्लं तिथेच असतात.