काळ्या अस्वलासाठी ठासणीच्या बंदुकीत काय आणि किती भरायचं

कोलोरॅडोत सप्टेंबरमधे ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे मझललोडरचा, वेगळा सीझन असतो आणि त्यात काळ्या अस्वलाचं लायसन मिळतं. इथल्या ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं की दारू किती आणि गोळी कुठली घ्यायची, म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते. आपल्याकडे अस्वलाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे हे फक्त इथल्या लायसनवाल्या शिकारीपुरतं.

आधी नियम बघा आणि मग दुकानात जा, कारण मझललोडरच्या नावाने विकलं जाणारं सगळं इथे चालत नाही. प्लास्टिकच्या टोपीत बसवलेली गोळी, म्हणजे सॅबो, चालत नाही. दारूच्या तयार पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या वड्या, चालत नाहीत, सुटीच दारू लागते. स्कोप नाही, स्मोकलेस पावडर, म्हणजे आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू, नाही. अस्वलाला नळी कमीत कमी .४० कॅलिबरची, म्हणजे आतून .४० इंच व्यासाची, हवी, पण मी .५० च्या खाली जाऊ नका असंच सांगेन. नियम बदलतात, त्या वर्षीची पुस्तिका वाचाच. स्मोकलेस तर नियम बाजूला ठेवला तरी साध्या मझललोडरमधे कधीच घालू नका, नळी फुटते आणि हात जातो.

आता अस्वल. सप्टेंबरमधे ते झोपेच्या तयारीला लागलेलं असतं, ओकची फळं आणि चोकचेरी ओरबाडत दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं, त्यामुळे अंगावर चरबीचा जाड थर आणि वर दाट केस. गोळी आत जाऊन तिथेच थांबली तर चरबीने भोक बुजतं, जे थोडं रक्त येतं ते केस शोषून घेतात, आणि मग संध्याकाळच्या उजेडात झुडपात माग काढायला हातात काहीच राहत नाही. म्हणून माझा सगळा विचार एकाच गोष्टीभोवती फिरतो, गोळी आरपार गेली पाहिजे. भोकं दोन हवीत, आणि दुसरं खालच्या बाजूला असेल तर फारच उत्तम.

सॅबो नाही म्हटल्यावर उरतात दोन, कापडात गुंडाळलेली गोल गोळी आणि पूर्ण नळीच्या मापाची लांबट शिशाची गोळी, जिला कोनिकल म्हणतात. .५० ची गोल गोळी जेमतेम १७७ ग्रेन भरते (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), सुटताना जोरात असते पण हवेत पटकन दमते, १०० यार्डापर्यंत निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते. जवळून, ५० यार्डाच्या आत, नेम पक्का असेल तर तीही अस्वल पाडते, आणि गोल गोळीच वापरायची हौस असेल तर .५४ घ्या, तिची गोळी २३० ग्रेनच्या आसपास जाते. पण नवख्या माणसाला मी कोनिकलच सांगते, ३५० ते ४०० ग्रेनची, मऊ शिशाची. वेग कमी असला तरी वजनामुळे ती घुसत जाते.

फक्त नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळत्या खाचा, बघून घ्या. ६० किंवा ६६ इंचात एक वेढा असेल तर ती नळी गोल गोळीसाठी आहे, कोनिकल तिच्यातून नेमावर नीट जाणार नाही. २८ इंचात एक वेढा असेल तर कोनिकलसाठी छान, ४८ वाली मधली आहे, दोन्ही चालवून बघावं लागतं.

दारूचं माप करताना बरेच जण गोंधळतात. गोळीचे ग्रेन वजनाचे असतात आणि दारूचे ग्रेन मापाचे, म्हणजे त्या पितळी मापाने मोजायचे, काट्यावर नाही. खरी काळी दारू असेल तर .५० ला दोन एफ, म्हणजे त्या जाडीच्या दाण्याची. ट्रिपल सेव्हन आणि ब्लॅकहॉर्न या काळ्या दारूऐवजी वापरायच्या तयार दारू. ट्रिपल सेव्हन त्याच मापात जास्त जोर करते, म्हणून तिचं माप १५ टक्के कमी घ्या. ब्लॅकहॉर्नला २०९ चा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी जोरदार ठिणगीची टोपी, लागतो, साध्या ११ नंबरच्या टोपीवर तिचा भरवसा नाही. आणि दारू डब्यातून थेट नळीत कधी ओतू नका, आत एखादी ठिणगी राहिलेली असली तर अख्खा डबा हातात पेटेल.

रेंजवर मी ७० ग्रेन काळ्या दारूपासून सुरू करते. ५० यार्डावर तीन गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर एक ओलसर फडकं आणि एक कोरडं फडकं नळीतून फिरवायचं, मग ७५, मग ८०, असं पाच पाचने वर. एका ठिकाणी तिन्ही गोळ्या जवळ जवळ लागतात आणि त्याच्या पुढे पसरायला लागतात, तिथेच थांबायचं. माझ्या बंदुकीत ते ८५ ला आलं, तुमच्यात वेगळं येईल, पण बंदुकीच्या पुस्तिकेतला कमाल आकडा कधी ओलांडू नका. जास्त दारूने खांदा दुखतो, धूर वाढतो, आणि अस्वल काही जास्त मरत नाही. ७५ यार्डाला नेम बसवला की माझी गोळी १०० ला साधारण ३ इंच खाली लागते, उघड्या साईटने मी त्याच्या पुढे बार काढतच नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कोनिकल कापडाशिवाय असते, त्यामुळे बंदूक तोंड खाली करून दिवसभर डोंगर चढलात तर गोळी हळूहळू पुढे सरकते आणि दारू आणि तिच्यामधे पोकळी पडते. असा बार काढला तर नळीला इजा होऊ शकते. माझी एकदा चांगली दोन बोटं सरकली होती, नशीब की मी गज घालून बघितलं. भरल्यावर गजावर नळीच्या तोंडापाशी खूण करा आणि दर तासाला तपासा. दुपारी इथे हमखास पाऊस येतो, नळीच्या तोंडावर टेपचा तुकडा लावून ठेवा.

अस्वल आडवं उभं राहील किंवा थोडं पाठमोरं होईल तोपर्यंत थांबा, जवळचा पुढचा पाय पुढे गेला की त्याच्या लगेच मागे, उंचीच्या मध्याच्या जरा खाली. समोरून किंवा डोक्यावर नको. चाप ओढूनही बार उडाला नाही तर निदान एक मिनिट नळी सुरक्षित दिशेला धरून ठेवा, उशिराने उडतो कधी कधी. आणि उडाला तर धूर हटायच्या आधी धावत सुटू नका, ते कुठे गेलं ते कानाने ऐका, जागच्या जागी परत ठासून घ्या, टोपी लावा, अर्धा तास बसा, मगच माग काढायला निघा.