धमनीची रिंग शिथिल होत नाही? नॉसला दोष देण्याआधी हे तपासा

एम.फार्म.च्या प्रबंधांत एक वाक्य हमखास येतं: ‘ॲसिटिलकोलीनचा प्रतिसाद घटला, म्हणून नायट्रिक ऑक्साइड कमी झालं.’ ॲसिटिलकोलीन धमनीच्या आतल्या थराला, म्हणजे एंडोथेलियमला, नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं आणि त्याने धमनी सैल पडते, हे खरं; पण एवढ्यावर मी सही करत नाही. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम, म्हणजे नॉस (नायट्रिक ऑक्साइड सिंथेज), कमी झालं, की आहे तिथेच राहून भलतंच काही बनवू लागलं, हे दाखवा.

प्राणी-नीती समितीची मंजुरी हातात असेल, तरच पुढे जा. उंदराची महाधमनी थंड क्रेब्स द्रावणात (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) ठेवून भोवतालची चरबी काढा आणि दोन-तीन मिलिमीटरच्या रिंगा कापा. चिमट्याचं टोक आतून घासलं गेलं, तर एंडोथेलियम गेलंच. फर्चगॉट आणि झवाद्झ्की यांनी 1980 साली नेमकं हेच दाखवलं: आतला थर खरवडला की ॲसिटिलकोलीनने धमनी सैल पडत नाही. म्हणून प्रत्येक प्राण्याची एक रिंग मुद्दाम खरवडून तुलनेला ठेवा.

ऑर्गन बाथ, म्हणजे रिंग टांगून तिचा ताण मोजायचं पात्र, 37 अंशांवर, 95 टक्के ऑक्सिजन, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. ताण स्थिरावायला तासभर तरी द्या, अधूनमधून द्रावण बदला. फेनिलेफ्रिनने रिंग आकुंचित करून ॲसिटिलकोलीन चढत्या मात्रेत टाका.

शिथिलता कमी दिसली, तर आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड द्या; ते एंडोथेलियमशिवायच नायट्रिक ऑक्साइड पुरवतं. बाटलीला फॉइल गुंडाळलेलं हवं, ते उजेडात विघटित होतं. त्यालाही प्रतिसाद मंद असेल, तर दोष स्नायूच्या थरातही आहे, एकट्या एंडोथेलियमवर ढकलू नका.

नायट्रोप्रुसाइडला प्रतिसाद चांगला असेल, तर खरा प्रश्न इथून सुरू होतो. मधुमेही उंदरांत ई-नॉस (एंडोथेलियममधलं नॉस) प्रथिनाचा पट्टा ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनाचं प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीत, ठळक दिसू शकतो आणि तरीही धमनी आखडलेलीच असते. सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं घातक रूप) आणि नायट्रिक ऑक्साइड मिळून पेरॉक्सिनायट्राइट बनतं; त्यामुळे नॉसला कामासाठी लागणाऱ्या टेट्राहायड्रोबायोप्टेरिन या सहघटकाचं ऑक्सिडीकरण होतं. मग हेच ई-नॉस नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड सोडतं, त्यातून आणखी पेरॉक्सिनायट्राइट बनतं. रक्षकच घर जाळू लागतो. म्हणून नुसता ब्लॉट मला पुरत नाही. एक रिंग सेपिॲप्टेरिनमध्ये ठेवून पाहा. पेशी त्यातून टेट्राहायड्रोबायोप्टेरिन बनवते. शिथिलता परत आली, तर संशयाला बळ मिळतं.

लिपोपॉलिसॅकराइड (जिवाणूंच्या आवरणातलं विष) दिलेल्या प्राण्यात चित्र उलटं असतं. स्नायूपेशींतलं आय-नॉस (दाहात तयार होणारं नॉस) कॅल्शियम वाढण्याची वाट न पाहता नायट्रिक ऑक्साइड ओतत राहतं आणि फेनिलेफ्रिनने रिंग नीट आवळतच नाही. तिथे आय-नॉसला रोखणारं 1400डब्ल्यू देऊन आकुंचन सुधारतं का, ते बघा.

उरलेला तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकू नका. ताजाच गोठवा, काप घ्या आणि अंधारात डायहायड्रोइथिडियमने रंगवा; सुपरऑक्साइड असेल तिथे ते लाल चमकतं. काही काप आधी नॉसला रोखणाऱ्या एल-नेममध्ये भिजवा. निरोगी धमनीत एल-नेमने लाल चमक सहसा घटत नाही, उलट वाढूही शकते. आजारी धमनीत एंडोथेलियमची चमक एल-नेमने उतरली, तर सुपरऑक्साइड नॉसमधूनच येतंय, असं लिहा. तेव्हा मी सही करेन.