कोणता देश जास्त निरोगी? भांडायच्या आधी हे बघून घ्या

परवा तर्री पोहे खाता खाता मित्राने मोबाईल पुढं केला, म्हणे बघ, जपानमध्ये हजारी १२ च्या वर लोक मरतात न आपल्याकडं ७ च्या आसपास, म्हणजे आपण जास्त फिट! आता याला काय सांगावं. अरे बाबा, जपानात निम्म्याहून जास्त लोक पंचेचाळीशीच्या पुढचे न आपल्याकडं निम्म्याहून जास्त तिशीच्या आतले, म्हाताऱ्यांच्या देशात मयती जास्त होणारच ना.

तर आधी तो साधा मृत्यूदर बाजूला ठेवा. सरासरी आयुर्मान घ्या (जपान ८४ च्या आसपास, आपण ७० च्या थोडं वर) न सोबत ५ वर्षांखालचे बालमृत्यू. दोन्ही बघायचं कारण असं की १९५० च्या सुमारास आपलं आयुर्मान चाळीसच्या आसपास होतं, पण म्हणून लोक चाळिशीत जात होते असं नाही, लेकरं इतकी दगावायची की सरासरीच खाली यायची.

मग पैसा बघा. १९७५ मध्ये सॅम्युअल प्रेस्टन नावाच्या अमेरिकन लोकसंख्या अभ्यासकाने एक ग्राफ मांडला, गरीब देशात उत्पन्न थोडं वाढलं की आयुष्य भरभर वाढतं, पुढं मात्र रेष जवळपास आडवी होते. खरी मजा या रेषेच्या खाली-वर पडणाऱ्या देशांत आहे. अमेरिका जीडीपीच्या १७ टक्क्यांच्या आसपास आरोग्यावर उडवते, तरी तिच्यापेक्षा कितीतरी गरीब असलेला कोस्टा रिका आयुर्मानात थोडा पुढंच. असं का, तर कोण कोणत्या वयात कशानं मरतो ते काढा. अमेरिकेत ड्रग्ज, बंदुका, रोड ॲक्सिडेंट यात तरणी पोरं जातात, न पंचविशीतला एक गेला की हिशोबातून पन्नासेक वर्षं एकदम गेली, त्यात भारीतलं हॉस्पिटल काय करणार.

म्हणून दवाखान्याच्या अलीकडचं बघा: पाणी, संडास, लसी, आईचं शिक्षण, न घरापर्यंत कोण पोचतं ते. लांब कशाला, आपल्या गडचिरोलीतच बघा. डॉ. अभय न राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, बाळाचं वजन करणं, त्याला ऊबदार ठेवणं, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्ग झाला तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणं, सगळं झोपडीत. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू बाकीच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्के कमी, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. एक मशीन नाही की आयसीयू नाही!

अजून एक, देशाच्या सरासरीवर फार भाळू नका. स्कॉटलंडच्या ग्लासगोत कॅल्टन भागातल्या पुरुषांचं आयुर्मान ५४ होतं न थोड्याच अंतरावरच्या लेन्झीत ८२, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) २००८ च्या रिपोर्टात आहे. एकाच देशात, बरं का.

नागपूरचं बघायचं तर एनएफएचएस-५ ची (सरकारचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) जिल्ह्याची फॅक्टशीट डाउनलोड करा, संडास, दहावीपर्यंत शिकलेल्या बाया, कुपोषण, सगळं ओळीनं मिळते. त्यात तंबाखूचीही ओळ आहे. ती मित्राला दाखवली तेव्हा भाऊ खर्रा घोटत होता.