वजनाचा काटा अडकला होता, तो कसा हलला

लक्षण: सुरुवातीला वजन नीट उतरलं, मग खाणं-व्यायाम तोच असूनही काटा कित्येक आठवडे जागचा हलेना. वैताग आला.

जेवण आणखी कमी करणं, रात्रीचं जेवण बंद, जास्त धावणं: उपयोग शून्य. भूक वाढली, उरलेला दिवस बसून गेला.

उपयोगी पडलं ते या क्रमाने. आधी रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन, आणि फक्त ७ दिवसांची सरासरी बघायची. मीठ, पाळी, नवा व्यायाम यांमुळे शरीरात पाणी साठतं आणि उतरलेली चरबी झाकली जाते. मग १४ दिवस आहार न बदलता सगळं ग्रॅममध्ये मोजून लिहिलं, धान्य कच्चं असतानाच. खरा घोळ तेलात निघतो: मोठा चमचाभर तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि अंदाजाने ओतलेलं तेल हमखास जास्त असतं. चव बघणं, उरलेलं संपवणं हेही लिहायचं.

सरासरी वजन स्थिर असेल तर या नोंदींतल्या कॅलरींची रोजची सरासरी हाच आपल्या शरीराचा सध्याचा खर्च. हलक्या शरीराला कमी लागतं, म्हणून जुना हिशेब चालत नाही. या नव्या खर्चातून रोज ३०० कॅलरी वजा केल्या, प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम ठेवली (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा) आणि रोजच्या पावलांत २००० वाढवली. पुढचे ३ आठवडे आकडे बदलायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात काटा वरही जाऊ शकतो.