माल तुम्ही वाहू नका, बँकेला वाहू द्या: ओल्ड स्कूल रुनस्केपमधलं खाणकाम आणि लोहारकाम

ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन गेममध्ये नवा आलेला माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, "सगळ्यात महाग खनिज कुठलं?" माझा भाचाही हेच विचारत आला. मी चाकणला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, त्यामुळे मला आधी वेगळंच सुचतं: माल ठेवायचा कुठे आणि उचलून न्यायचा किती लांब? या गेममध्ये पिशवीला २८ खण असतात. लेव्हल १ असो की ९९, खण तेवढेच. म्हणजे कौशल्य वाढलं तरी खेप तेवढीच. आपल्या हातात फक्त खेपेचं अंतर कमी करणं उरतं.

खाली लिहिलंय ते सगळं फुकटच्या खात्यावर चालतं. साध्या फोनवरही चालतं. मी स्वतः जेवणाच्या सुट्टीत फोनवरच खेळतो.

आता मुख्य गोष्ट. बँक एकच आहे. वॅरॉक शहराच्या बँकेत टाकलेला दगड अल खरीद शहराच्या बँकेतून काढता येतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गेम सोपा होतो. नवखा माणूस खाणीतून खनिज काढतो, ते पाठीवर मारून भट्टीपर्यंत पळतो, तिथून ऐरण शोधत फिरतो, आणि प्रत्येक खेपेला हेच. तसं करू नका. जिथे खाणीजवळ बँक आहे तिथे फक्त खणा. साठा झाला की जिथे भट्टीजवळ बँक आहे तिथे जाऊन सगळं एकदम वितळवा. मग ऐरणीजवळच्या बँकेत जाऊन सगळं एकदम ठोका. शहरं बदलायची तेव्हा तुम्ही रिकाम्या हातानं चालता.

जागा सांगतो. खणायला वॅरॉकची आग्नेयेची खाण: तांबं, कथील आणि लोखंड तिन्ही एकाच ठिकाणी, आणि शहराची पूर्वेकडची बँक त्यातल्या त्यात जवळ. वितळवायला अल खरीद किंवा एजव्हिल, दोन्हीकडे भट्टी बँकेपासून चार पावलांवर. ठोकायला वॅरॉकची पश्चिमेकडची बँक, तिच्या दक्षिणेलाच ऐरणी आहेत. लंब्रिजच्या दलदलीतली खाण पाहून नवखे तिथेच रमतात, पण किल्ल्यातली बँक सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. तांब्याच्या दगडासाठी कोण एवढे जिने चढणार?

टिकाव पिशवीत ठेवू नका, हातात धरा. तेवढाच एक खण मोकळा होतो. पण हातात धरायला अटॅकची (लढाईच्या कौशल्याची) लेव्हल लागते आणि त्यानं खणायला मायनिंगची (खाणकामाची), हे दोन्ही वेगळं. पोलादी टिकावाला अटॅक ५ आणि मायनिंग ६ लागतं, रून टिकावाला अटॅक ४० आणि मायनिंग ४१. म्हणून अटॅक वाढवायला मधूनमधून कोंबड्या आणि गॉब्लिन (छोटे राक्षस) मारत राहा, तो वेळ वाया जात नाही.

मायनिंग १५ होईपर्यंत तांबं आणि कथील. दोन्ही सारख्या संख्येत जमवा, कारण ब्रॉन्झचा एक बार (वितळवलेल्या धातूची कांडी) म्हणजे एक तांबं आणि एक कथील. भट्टीवर नेताना १४ आणि १४ काढा, पिशवी नेमकी भरते. ही साखळी एकदा स्वतः करून बघा, पण ब्रॉन्झ ठोकत लोहारकाम वाढवत बसू नका. त्याऐवजी 'द नाइट्स स्वोर्ड' ही क्वेस्ट (गेमनं दिलेली कामगिरी) करा. फॅलडॉरच्या किल्ल्यातल्या चौकात एक तरुण सेवक भेटतो, तिथून सुरुवात. मायनिंग १० लागतं, लोखंडाचे दोन बार लागतात आणि एक रेडबेरी पाय (बेरी भरून भाजलेला खाण्याचा पदार्थ). तो पदार्थ थर्गो नावाच्या बुटक्या लोहाराला खाऊ घातल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. (साहेबांच्या टेबलावर चहा ठेवल्याशिवाय फाइल हलत नाही, तशातला प्रकार.) शेवटी बर्फाळ गुहेतून एक निळसर खनिज आणावं लागतं. तिथले हिमराक्षस नवख्याला सहज लोळवतात, म्हणून पिशवीत खाणं भरून घ्या, खनिज मिळालं की लढत बसू नका, पळा. बक्षीस लोहारकामाचे १२,७२५ एक्सपी (अनुभवाचे गुण). लोहारकाम १ वर असेल तर थेट २९ वर जातं.

ही उडी मला का आवडते, तर मधला लोखंडाचा टप्पा टळतो. लोखंड वितळवताना निम्मा माल भट्टीतच जळतो. एका खनिजाचा बार होण्याची शक्यता फक्त ५० टक्के. स्टोअरवाल्याच्या पोटात कालवतं ते बघून. पोलाद मात्र कधीच फसत नाही. त्याला लोहारकाम ३० लागतं, म्हणजे क्वेस्टनंतर एकच लेव्हल कमी.

पोलादाच्या एका बारला एक लोखंड आणि दोन कोळसे. पिशवी कशी भराल? ९ लोखंड आणि १८ कोळसे. होतात २७, एक खण रिकामा राहतो, त्याकडे बघून जीव तळमळला तरी तिथे दहावं लोखंड टाकून उपयोग नाही, त्याला कोळसा कुठून आणणार? कोळशाला मायनिंग ३० लागतं. तोवर लोखंड खणत राहा: दोन खडकांना हात पुरेल अशा जागी उभं राहायचं, एक संपला की दुसरा. फक्त लेव्हल हवी असणारे लोक खनिज तिथेच टाकून देतात, बँकेत जातच नाहीत. वेग खरोखर जास्त मिळतो. मला ते जमत नाही.

ऐरणीवर हातोडा एक खण खातो, उरतात २७. चिलखताला पाच बार लागतात, म्हणून २५ च बार काढा, पाच चिलखतं होतील. पोलादी चिलखताला लोहारकाम ४८ लागतं. तोवर त्या लेव्हलला जे बनेल ते बनवा, आवडनिवड ठेवू नका.

मासेमारीतही हाच हिशोब. बार्बेरियन व्हिलेजच्या नदीवर फिशिंग २० ला ट्राउट, ३० ला सॅमन. आमिष म्हणून लागणारी पिसं हजार असली तरी एकाच खणात बसतात. गळ एक, पिसं एक, २६ खण माशांना. मासे तिथेच शेकोटी करून भाजायचे असतील तर चकमकीला आणखी एक खण द्या. लाकडं तोडायची कुऱ्हाड टिकावासारखीच हातात धरा. उत्तरेला एजव्हिलची बँक आहेच.

विक्रीचं आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वैतागाल. ग्रँड एक्स्चेंजवर (गेममधल्या बाजारात) नव्या फुकटच्या खात्याला काही कच्चा माल विकता येत नाही. २० तास खेळ, १० क्वेस्ट पॉइंट आणि एकूण लेव्हल १०० झाली की कुलूप उघडतं. तोवर सगळं बँकेत साठवा. पॉइंट लवकर हवे असतील तर 'रोमिओ अँड ज्युलिएट' करा: एकटीच पाच पॉइंट देते आणि मारामारी अजिबात नाही, नुसती धावपळ.